नऊंची रांग जिथे तुटते

ई या स्थिरांकाचा (२.७१८...) पायइतका (३.१४१...) घात काढा आणि त्यातून पाय वजा करा. उत्तर येते १९.९९९०९९९७९... विसाला ते एक सहस्रांशाहून कमी अंतरावरून हुलकावणी देते. आता १६३ चे वर्गमूळ घ्या, त्याला पायने गुणा आणि ईला तेवढा घात द्या. उत्तर २६२५३७४१२६४०७६८७४३.९९९९९९९९९९९९२५००७..., म्हणजे दशांश चिन्हानंतर ओळीने बारा नऊ, आणि मग कुठे रांग तुटते. असे आकडे शेजारी शेजारी मांडले की वाद ठरलेल्या वाटेने जातो. एक बाजू म्हणते, इतकी जवळीक उगाच नसते, यात विश्वाचे काही गुपित दडले आहे. दुसरी बाजू खांदे उडवते: कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, त्यात काय एवढे? गंमत अशी की दोन्ही बाजूंचे डोळे नऊंवरच खिळलेले असतात. किती नऊ आले हे पाहून एक बाजू थक्क होते, आणि कितीही आले तरी दुसरी हसते. नुसत्या नऊंच्या संख्येवरून काहीही ठरत नाही, असे माझे म्हणणे आहे. ठरते ते दोन गोष्टींवरून. ती जवळीक सापडेपर्यंत किती राशी चाळल्या गेल्या, ही पहिली. पूर्णांकापर्यंत जी फट उरली तिचे माप कुठून आले हे सांगता येते का, ही दुसरी. ‘हा योगायोग आहे’ हाही एक दावाच आहे, आणि तो करणाऱ्यालाही हिशेब चुकत नाही.

आधी योगायोगवाद्यांचे म्हणणे घेऊ, कारण बहुतेक वेळा ते बरोबर असते. कोणतीही आडवीतिडवी राशी घेतली तर तिचा दशांश भाग ० आणि १ यांच्या दरम्यान कुठेही पडू शकतो. तो एखाद्या पूर्णांकापासून ०.०००९ च्या आत पडण्याची शक्यता ०.००१८, म्हणजे साधारण साडेपाचशेत एक. आता ई, पाय, एक ते दहा अंक, चार मूलभूत क्रिया, घात, वर्गमूळ आणि लॉगरिथम एवढे सामान हाताशी घेतले तर पाचसहाशे आटोपशीर राशी रचायला एक दुपार पुरते. त्यांतली एखादी सहस्रांशाच्या आत येणारच. न आली तर नवल. बाकीच्या पाचशे मात्र कोणी दाखवत नाही. ईचा ईवा घात १५.१५४२६, पायचा ईवा घात २२.४५९१५, ई आणि पायचा गुणाकार ८.५३९७३: यांच्यावर कोणी भाळलेले ऐकिवात नाही. गणितज्ञ रिचर्ड गाय यांनी १९८८ साली या प्रकाराला ‘लहान संख्यांचा सबळ नियम’ असे मिस्कील नाव दिले. लहान संख्यांकडून जितक्या कामांची अपेक्षा केली जाते तितक्या लहान संख्या मुळात उपलब्धच नाहीत, असा त्याचा आशय. मग एकाच संख्येला दहा ठिकाणी हजेरी लावावी लागते आणि आपण त्या दहा ठिकाणांत नाते शोधत बसतो. कावळ्याच्या म्हणीत एक मोजमाप दडलेले आहे, ते म्हण वापरणारे सहसा करत नाहीत. झाडाला फांद्या किती होत्या, आणि कावळे किती?

दुसरीही एक सवलत त्यांना द्यायला हवी. कित्येकदा जवळीक गणितात नसते, यंत्रात असते. १६३ ची राशी नेहमीच्या संगणकी पद्धतीने, म्हणजे ६४ बिटांच्या दशांश आकड्यांत काढली, तर उत्तर हमखास पूर्णांकच येते. कारण अगदी क्षुल्लक आहे. त्या पद्धतीत संख्येचे सार्थ अंक साठवायला ५३ बिट असतात, म्हणजे जेमतेम १६ अंक. आणि आपली संख्या पूर्णांक भागातच १८ अंकी आहे. एवढ्या मोठ्या संख्यांच्या पट्ट्यात दोन लगतच्या साठवता येण्याजोग्या संख्यांत ३२ चे अंतर असते. मधे काही लिहायला जागाच नाही, तर ९९९ कुठे दिसणार? वर घातांकातली चूक वेगळी. पाय आणि √१६३ चा गुणाकार ४०.१०९१६९९९ इतका आहे. त्यात पंधराव्या दशांश स्थळी थोडे इकडेतिकडे झाले की ईचा घात काढताना ती चूक सव्वीस कोटी अब्जांनी गुणली जाते आणि उत्तर शेकड्यांनी सरकते. ‘संगणकाने पूर्णांक दाखवला’ या विधानाला म्हणून काडीची किंमत नाही. ही तपासणी नीट करायची तर अनियंत्रित अंकसंख्येची सोय असलेले साधन घ्यावे, अंकमर्यादा चाळीसवर न्यावी, आणि मुख्य म्हणजे पाय व वर्गमूळ हेही त्याच मर्यादेत नव्याने काढावेत. इथेच बहुतेक जण फसतात: मर्यादा चाळीसची ठेवतात, पण पाय मात्र १६ अंकी चिकटवतात. मर्यादा २५ ठेवली तर उत्तर गोल होऊन नेमके ...७४४ दिसते. तिसाच्या पुढे गेल्यावरच २५००७ डोके वर काढते.

नऊ स्वस्तात कसे मिळवता येतात, हेही एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. वरचे पहिलेच उदाहरण घ्या. ई^पाय आणि पाय + २० जवळजवळ सारखे, म्हणून (पाय + २०) चा नैसर्गिक लॉगरिथम पायच्या जवळ येतो; फरक ०.००००३८९. आता त्याचा कोसाइन काढा (कोन रेडियनमध्ये). पायचा कोसाइन −१, आणि तळाशी कोसाइनचा आलेख सपाट असल्यामुळे फरकाचा वर्ग होऊन निम्मा होतो: −१ पासूनचे अंतर उरते ७.५६ भागिले १० चा दहावा घात. याला पायने गुणून पुन्हा कोसाइन घ्या, फरक पुन्हा वर्ग होतो. आणखी एकदा तेच करा. शेवटी −१ पासूनचे अंतर दशांश चिन्हानंतर चौतीस शून्ये आणि मग ३९३ असे उरते. चौतीस नऊ! पण यात नवे काय घडले? मूळ भांडवल त्याच तीन नऊंचे होते, कोसाइनने त्यांवर चक्रवाढ लावली एवढेच. याहून मोठा नमुना हवा असेल तर पायचा हायपरबोलिक टॅन घ्या, ०.९९६२७२०७. त्याला १, २, ३ असे ओळीने गुणत जा, प्रत्येक गुणाकाराचा फक्त पूर्णांक भाग ठेवा, त्याला १० च्या त्या त्या घाताने भागा आणि सगळ्यांची बेरीज करा. ही बेरीज १/८१ शी २६८ दशांश स्थळांपर्यंत तंतोतंत जुळते आणि पुढच्या स्थळी बिनसते. गूढ? मुळीच नाही. ती संख्या १ पेक्षा ०.००३७२७९ ने कमी आहे. हा तोटा साठत साठत १ व्हायला २६९ पायऱ्या लागतात, तोवर प्रत्येक पूर्णांक भाग गुणकापेक्षा बरोबर एकने लहान असतो, आणि तशा मालिकेची बेरीज १/८१ होते हे शाळकरी बीजगणित आहे. २६८ अंक जुळले म्हणून जो इथे ‘सिद्ध झाले’ म्हणेल तो २६९ व्या अंकावर आपटेल.

सुवर्ण गुणोत्तराची गोष्ट याच जातीची, फक्त जास्त सभ्य. त्याचा विसावा घात १५१२६.९९९९३३८९. इथे आश्चर्य वाटायचे कारण नाही. सुवर्ण गुणोत्तर ज्या वर्गसमीकरणाचे मूळ आहे त्याचे दुसरे मूळ −०.६१८ आहे, दोन्ही मुळांच्या समान घातांची बेरीज नेहमी पूर्णांक येते, आणि लहान मुळाचा घात विरत जातो. विसाव्या पायरीला फट किती उरायला हवी? जवळपास १/१५१२७. काढून पाहा: ०.००००६६१. बरोबर तेवढीच. √२ + √३ चा सहावा घात ९६९.९९८९६९०७, फट १/९७०. इथे आपण आपल्या मुद्द्याच्या पहिल्यांदा जवळ आलो. या राशी पूर्णांकाच्या जवळ आहेत एवढेच आपल्याला ठाऊक नाही, त्या किती जवळ आहेत हेही आधी सांगता येते.

आता १६३. योगायोगवाद्यांचा हिशेब त्यांच्याच पद्धतीने लावू. ई^(पाय√न) या साच्यात न च्या जागी १ ते २०० घाला. दोनशे राशी झाल्या. योगायोगच चालला असेल तर पूर्णांकाच्या ०.००२५ इतक्या जवळ येणारी साधारण एक सापडावी. प्रत्यक्षात २२, २५, ३७, ४३, ५८, ६७ आणि १६३ या सगळ्या त्या मर्यादेच्या आत आहेत, आणि ही यादी पुरी नाही. ४३ ला ८८,४७,३६,७४३.९९९७७७४ येतात, ६७ ला १,४७,१९,७९,५२,७४३.९९९९९८६६, आणि १६३ ला फट दशांश चिन्हानंतर बारा शून्ये आणि मग ७४९९३, म्हणजे अपेक्षेपेक्षा काही अब्जपट अरुंद. एवढे कावळे एवढ्या थोड्या फांद्यांवर बसत नाहीत. शिवाय ४३, ६७, १६३ या तिन्ही उत्तरांचे शेवटचे तीन अंक पाहा: ७४३ आणि थोडे, म्हणजे जवळजवळ ७४४. त्यातून ७४४ वजा करा. उरतात अनुक्रमे ९६० चा घन, ५,२८० चा घन आणि ६,४०,३२० चा घन. ज्याने कोणी हे एकदा हाताने करून पाहिले आहे, त्याला ‘निव्वळ योगायोग’ हे शब्द पुन्हा तोंडातून काढताना जड जाईल.

कारणही माहीत आहे, आणि ते एकोणिसाव्या शतकातले आहे. जे-फल नावाचे एक फल (फंक्शन) आहे. ते मालिकेत लिहिले तर १/क + ७४४ + १,९६,८८४क + २,१४,९३,७६०क² असे पुढे जाते, सगळे सहगुणक पूर्णांक. ठरावीक बिंदूंवर या फलाच्या किमती पूर्णांक सहगुणकांच्या एका समीकरणाची मुळे असतात, आणि त्या समीकरणाची कोटी म्हणजे संबंधित संख्याक्षेत्राचा (नेहमीच्या संख्यांत उणे १६३ सारख्या संख्येचे वर्गमूळ मिसळून बनणाऱ्या संख्यांच्या कुटुंबाचा) वर्गांक: त्या क्षेत्रात मूळ अवयव एकाच रीतीने पडण्याचा नियम किती बिघडला आहे याचे माप. वर्गांक १ असेल तर समीकरण एकघाती, आणि मूळ सरळ पूर्णांकच. १६३ च्या बाबतीत तो पूर्णांक आहे −(६,४०,३२० चा घन), आणि तिथे क ची किंमत म्हणजे आपल्याच राशीचा उणे व्यस्त, इतकी चिमुकली की तिसऱ्या पदापासून पुढचे सारे धुळीसारखे. म्हणून आपली राशी = ६,४०,३२० चा घन + ७४४ − एक बारीक तुकडा. तो तुकडा किती? १,९६,८८४ भागिले २.६२५ गुणिले १० चा सतरावा घात. भागाकार करा: दशांश चिन्हानंतर बारा शून्ये आणि मग ७४९९३. फट बोलली ती ही. वर्गांक १ असणारी अशी क्षेत्रे नऊच आहेत, १, २, ३, ७, ११, १९, ४३, ६७, १६३ यांची, आणि १६३ ही त्यांतली शेवटची, म्हणून तिची जवळीक सर्वांत घट्ट. यापुढे दहावे क्षेत्र नाही हा गाउसचा कयास होता. कुर्ट हेग्नर यांनी १९५२ मध्ये त्याची सिद्धता दिली, ती सदोष ठरवून बाजूला टाकली गेली. बेकर (१९६६) आणि स्टार्क (१९६७) यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केल्यावर कळले की हेग्नर मुळात बरोबरच होते. ऑयलरची ती प्रसिद्ध राशी, न² + न + ४१, जी न = ० पासून ३९ पर्यंत ओळीने चाळीस मूळ संख्या देते, तिचेही कूळ हेच: ४१ ची चौपट वजा एक, १६३.

आणि हे सगळे नुसते शोभेचे आहे असेही नाही. चुडनोव्स्की बंधूंनी १९८८ मध्ये दिलेल्या सूत्रात हाच ६,४०,३२० बसला आहे; मालिकेचे एकेक पद पायचे चौदाहून थोडे अधिक अंक देते आणि पायच्या विक्रमी गणना त्याच सूत्राने होतात. चौदाच का? ६,४०,३२० च्या घनाला १,७२८ ने भागून दशमान लॉगरिथम घ्या, १४.१८ येतात. जवळीक जितकी घट्ट तितकी मालिका वेगवान.

पण मग गूढवाद्यांनी पेढे वाटू नयेत, कारण त्यांच्या बाजूनेही या आकड्याची भरपूर विटंबना झालेली आहे. ही संख्या ‘रामानुजन स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते. १९१४ च्या आपल्या निबंधात रामानुजनांनी या जातीच्या राशी दिल्या हे खरे: ५८ ची राशी २४,५९,१२,५७,७५१.९९९९९९८२, तसेच २२ आणि ३७ च्या. ५८ च्या मागे ३९६ चा चौथा घात वजा १०४ आहे, आणि तोच ३९६ त्यांच्या पायच्या प्रसिद्ध मालिकेत आहे. पण १६३ ची राशी त्या निबंधात नाही. ती त्याआधीच, १८५९ मध्ये, शार्ल एर्मीत यांच्या नजरेत आली होती. नाव चिकटले ते गणिती कोड्यांचे लेखक मार्टिन गार्डनर यांच्या एप्रिल १९७५ च्या थट्टेमुळे. ही राशी नेमकी पूर्णांक आहे, आणि रामानुजनांनी तसे भाकीत केले होते, असे त्यांनी एप्रिल फूलच्या मिषाने लिहिले. ती पूर्णांक असूच शकत नाही, हे १९३४ पासून, गेल्फाँड आणि श्नायडर यांच्या प्रमेयापासून ठाऊक आहे. ती बीजातीत आहे, कोणत्याही पूर्णांक सहगुणकी समीकरणाचे मूळ नाही. थट्टेला पन्नास वर्षे होऊन गेली तरी ती खरी मानणारे भेटतात. रामानुजनांची थोरवी दाखवायला त्यांनी न लिहिलेले कशाला लागते? आर्यभटाने ४९९ साली ६२,८३२ भागिले २०,००० हे गुणोत्तर दिले तेव्हा परिघाला ‘आसन्न’ म्हटले, म्हणजे जवळ आलेला. दीड हजार वर्षांपूर्वी जवळ आणि समान यांतला भेद एका शब्दात पाळला गेला, तो आज चाळीस अंकी यंत्र खिशात असताना आपण घालवतो.

योगायोगवाद्यांचा सर्वांत धारदार आक्षेप यापुढे येतो. ते म्हणतात, कारण नंतर शोधून काढणे सोपे असते. पुरेसे गणित जाणणारा माणूस कोणत्याही दोन गोष्टींत बादरायण संबंध जोडून दाखवेल. आक्षेप पोकळ नाही. भौतिकशास्त्रात याची शिक्षा अनेकांनी भोगली. फ्रीडरिश लेंझ यांनी १९५१ मध्ये काही ओळींची टिपण्णी छापली: प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या वस्तुमानांचे गुणोत्तर १८३६.१२, आणि पायच्या पाचव्या घाताची सहापटही १८३६.१२. त्या वेळच्या मोजमापात ०.०५ ची अनिश्चितता होती, तिच्यात हे सुखाने बसत होते. मोजमाप सुधारले आणि गुणोत्तर १८३६.१५२६७ वर स्थिरावले. पायची राशी मात्र १८३६.११८१०८ वर जिथे होती तिथेच. खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांची कथा जास्त करुण आहे. सूक्ष्मरचना स्थिरांकाचा (विद्युतचुंबकीय बलाची ताकद सांगणाऱ्या संख्येचा) व्यस्त नेमका १३६ असणार असे त्यांनी तर्काने काढले. मोजमाप १३७ कडे सरकले तेव्हा तर्कात एक मिळवून १३७ काढले. आज तो १३७.०३५९९९ आहे, आणि ०.०३५९९९ या फटीविषयी त्यांच्या तर्काकडे सांगण्यासारखे काहीच नव्हते.

पण याच्या उलट बाल्मर. १८८५ मध्ये बाझेलच्या या शाळामास्तरांकडे हायड्रोजनच्या वर्णपटातल्या चार रेषांच्या तरंगलांब्या होत्या, सिद्धांत एकही नव्हता. ३६४.५६ नॅनोमीटर ही एक संख्या धरली तर चारही लांब्या तिच्या ९/५, ४/३, २५/२१ आणि ९/८ पट येतात हे त्यांनी नुसत्या आकडेमोडीने ओळखले. अंश-छेद योग्य रीतीने फुगवले की म²/(म² − ४) असा एकच साचा दिसतो, म = ३, ४, ५, ६. पुढच्या रेषा त्याच साच्यात बसत गेल्या, आणि १९१३ मध्ये बोर यांनी कारण दिले. तिघांनीही आकड्यांशी खेळच केला. मग लेंझ पडले आणि बाल्मर टिकले ते कशामुळे? लेंझ यांच्याकडे एक राशी आणि एकच जुळणी होती, पुढे वाढवायला काही नव्हते. बाल्मर यांच्या साच्यात म बदलता येत होता, म्हणून तो प्रत्येक नव्या रेषेला चुकण्याची संधी देत होता. १६३ च्या राशीलाही ही संधी होती: ४३ आणि ६७ मध्ये त्याच १,९६,८८४ ने फट सांगता आली पाहिजे. ४३ साठी भागाकार ०.०००२२२५ येतो, ६७ साठी ०.०००००१३४. वरचे आकडे पुन्हा पाहून घ्या. १९ ला तर राशी ८,८५,४७९.७७७६८ आहे, नऊंचे नावही नाही, कोणी तिच्याकडे ढुंकून पाहणार नाही. पण ९६ चा घन अधिक ७४४ मधून १,९६,८८४/८,८५,४८० वजा केले की ८,८५,४७९.७७७६५ येतात आणि उरलेला फरक मालिकेचे पुढचे पद भरून काढते. बादरायण संबंध असे शेवटच्या अंकापर्यंत जात नाहीत. नऊ नसलेली राशीसुद्धा त्याच कुटुंबातली निघावी, हे मला बारा नऊंपेक्षा जास्त पटणारे वाटते.

त्या १,९६,८८४ वरून आणखी एक. १९७८ मध्ये जॉन मॅके यांच्या लक्षात आले की हा सहगुणक १,९६,८८३ अधिक १ आहे, आणि १,९६,८८३ ही ‘मॉन्स्टर’ नावाच्या सममितींच्या अवाढव्य गटाच्या सर्वांत लहान बिगरक्षुल्लक प्रतिरूपणाची (गट एखाद्या अवकाशात प्रत्यक्ष वावरताना दाखवण्याच्या रीतीची) मिती आहे. एक विषय संख्या-सिद्धांताचा, दुसरा सममितीचा. दोघांची तोंडओळखही नव्हती. मॉन्स्टर तेव्हा प्रत्यक्ष रचून दाखवलेलाही नव्हता. सहा अंकांची एक जुळणी पाहून ‘कावळा’ म्हणणे त्या क्षणी अगदी रास्त होते, आणि म्हटलेही गेले. मग पुढचा सहगुणक तपासला गेला: २,१४,९३,७६० = १ + १,९६,८८३ + २,१२,९६,८७६, आणि शेवटची संख्या ही त्याच गटाच्या पुढच्या प्रतिरूपणाची मिती. कॉनवे आणि नॉर्टन यांनी १९७९ मध्ये याला ‘मूनशाइन’ असे नाव दिले. इंग्रजी बोलीत त्याचा एक अर्थ वायफळ बडबड असा होतो, आणि ते जाणूनच दिले. बोर्चर्ड्स यांनी १९९२ मध्ये ते सिद्ध केले आणि १९९८ मध्ये त्यांना फील्ड्स पदक मिळाले. पहिल्या जुळणीवर हसून निघून जाणाऱ्याने दुसरी बेरीज कधी केलीच नसती.

आता सुरुवातीच्या विसाकडे परत येऊ, कारण दोन्ही बाजूंना तो सारखाच अडचणीचा आहे. अनेक वर्षे ई^पाय − पाय हे ‘शुद्ध योगायोगा’चे ठरीव उदाहरण होते, वर मीही त्याचा हिशेब तसाच लावला. २०२३ मध्ये मात्र त्याचे अर्धे कारण पुढे आले. (८ पाय क² − २) गुणिले ई^(−पाय क²) ही पदे क = १, २, ३ अशी घेत बेरीज केली तर ती नेमकी १ होते; थीटा-फलांच्या एका जुन्या सममितीतून हे निघते. पहिले पद ०.९९९६५६, दुसरे ०.०००३४४, पुढची नगण्य. फक्त पहिले ठेवले तर ई^पाय जवळपास ८ पाय − २, म्हणजे २३.१३२७, खरी किंमत २३.१४०७, फट +०.००७९५१४. मग ८ पायमधला एक पाय बाजूला काढा, उरलेल्या सात पायांच्या जागी २२ घाला (२२/७ ची ओळख आर्किमिडीजपासूनची), आणि पाय + २० तयार. या दुसऱ्या पायरीची फट −०.००८८५१४. दोन्ही मिळून −०.०००९०००. म्हणजे राशी विसाच्या एक शतांशाच्या आसपास का आहे, याला दोन सयुक्तिक कारणे आहेत. पण एका पायरीची चूक अधिक आणि दुसरीची उणे निघाली, शिवाय आकाराने जवळपास सारखी, म्हणून शतांशाचा सहस्रांश झाला. त्या शेवटच्या दसपटीला कारण नाही. पहिले दोन नऊ नात्यातले आहेत आणि तिसरा कावळ्याचा. ‘योगायोग की नाही’ असा हो-नाहीचा प्रश्न विचारणाऱ्यांना हे उत्तर कुठल्या रकान्यात भरता येईल?

पायचा चौथा घात अधिक पाचवा घात ४०३.४२८७७५८, आणि ईचा सहावा घात ४०३.४२८७९३५. फरक ०.००००१७६७३५. हिशेब लावू: पायचे दोन घात आणि ईचा एक, घातांक १ ते १०, मधे अधिक किंवा उणे, अशा सुमारे १,८०० राशी होतात, आणि त्यांतली एखादी पूर्णांकाच्या इतक्या जवळ येण्याची शक्यता साधारण सोळात एक. भुवया उंचवाव्यात इतपत, त्याहून जास्त नाही. राशीचा साचा थोडा बदलायची मुभा घेतली, गुणाकार आणि मुळेही चालतील म्हटले, की ते सोळाही भरून निघतात. शेजारच्या घातांकांना असे काही होत नाही, फिरवून पाहायला साचा नाही. कोणी उद्या याचे कारण मांडले तर ०.००००१७६७३५ हा आकडा त्याच्या मांडणीतून बाहेर पडला पाहिजे. तोवर ही राशी कावळ्यांच्या यादीत, पण पेन्सिलीने लिहिलेली; २०२३ पर्यंत ई^पाय − पायही त्याच यादीत शाईने लिहिलेले होते.